आधी डोळा आत जातो

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल सकाळी एक फोटो आला. मागची कंपाउंडची भिंत, तिच्यावर चिकटलेले मुठीएवढे तपकिरी शंख, आणि खाली सेक्रेटरींचा मिश्कील मजकूर : 'पाहुणे परत आले आहेत. आपापल्या कुंड्या सांभाळा.' लोकांनी हसणारे चेहरे टाकले. कुणीतरी मिठाच्या पिशवीचा फोटो टाकला. मी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि चहा गाळायला गेले. गाळणं हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे, चहा आटून अर्धा झाला.

गणपती जातात, गौरी जातात, पाऊस मात्र डोंबिवलीत मुक्काम ठोकून बसतो. कपडे वाळत नाहीत, पापड सादळतात. संध्याकाळ झाली की कारखान्यांच्या बाजूने तो ओळखीचा, गोडूस, घसा खवखवणारा वास येतो आणि दमट हवेत खालीच बसून राहतो. याच दिवसांत गोगलगायी वर येतात. आमच्या लहानपणच्या, नखाएवढ्या, गरीब बिचाऱ्या गोगलगायी नव्हेत. या आफ्रिकेतून आलेल्या दांडग्या. भिंत चढतात, पाण्याचे पाइप चढतात, खिडकीच्या ग्रिलवर येऊन बसतात आणि आत बघतात. 'बघतात' हा शब्द मी जपून वापरतेय. मी शाळेत विज्ञान शिकवते, गोगलगायीला फार काही दिसत नाही हे मला ठाऊक आहे. उजेड आणि अंधार, एवढंच. तरीही सकाळी खिडकी उघडावी आणि काचेपलीकडे लांब दांड्यांवर दोन काळे ठिपके आपल्या दिशेने वळावेत, तेव्हा पुस्तकातलं काही मदतीला येत नाही.

आठवीच्या वर्गाला मी हे मोजा घेऊन शिकवते. मुक्ताचा, म्हणजे माझ्या मुलीचा, लहानपणचा लांब मोजा. त्याच्या टोकाला एक काळं बटण शिवलंय. तो डोळा. मोज्यात आतून हात घालायचा, बटण चिमटीत धरायचं आणि ओढायचं. मोजा उलटा होत होत आत जातो. मुलं खूश होतात. मग मी विचारते, 'आधी काय आत गेलं?' सगळे ओरडतात, 'डोळा!' बरोबर. कासव मान घडी करून आत घेतं, तेव्हा निदान त्याचं तोंड शेवटपर्यंत बाहेर बघत असतं. गोगलगायीचं तसं नाही. तिचा डोळा सगळ्यात आधी जातो, स्वतःच्याच शिंगाच्या नळीतून, स्वतःच्याच अंगात उतरत. दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात हा तास घेताना माझा हात मोज्यात तसाच राहिला. पुढची ओळ आठवेना. मुलं वाट बघत राहिली आणि शेवटी मीच म्हटलं, 'वाचा आपापलं.'

त्या वर्षी श्रावणात आई न्हाणीघरात घसरून पडली. हाड मोडलं नाही, तेव्हा आम्ही देवापुढे साखर ठेवली. पुढे आठ-दहा दिवस ताप आला, उतरला, आणि तापासोबत आणखीही काहीतरी उतरून गेलं. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडेच असते. माझा नवरा नोकरीसाठी नाशिकला, शनिवार-रविवारचा पाहुणा, त्यामुळे घरात आम्ही तीन बायका. आई, मी आणि कॉलेजात जाणारी मुक्ता. आईची ख्याती अशी की ठाकुर्लीच्या आमच्या जुन्या चाळीत नवीन माणूस आला की त्याला आधी तिच्यापुढे बसवायचे. ती गाव विचारायची, आडनाव विचारायची, आजोळ विचारायची, आणि चहा होईपर्यंत निकाल लागायचा : 'म्हणजे तू शांतेच्या धाकट्या जावेचा भाचा. तुझ्या मुंजीत आम्ही आलो होतो की रे, पंगतीत मीठ वाढायचं राहिलं होतं.' तिच्या डोक्यात अख्खं कोकण नात्यांनी बांधून ठेवलेलं होतं. तापानंतर त्याच्या गाठी सुटायला लागल्या.

डॉक्टर म्हणाले होते, 'त्यांना बोलतं ठेवा.' एवढंच म्हणाले होते. आम्ही त्याचा अर्थ आमच्या पद्धतीने घेतला. आपल्याकडे आजारी माणसाला बोलतं ठेवायचं म्हणजे त्याची तोंडी परीक्षा घ्यायची.

कुणीही येवो, हातात शहाळं आणि तोंडात तोच प्रश्न. 'काय आजी, ओळखलंत का?' दारातूनच. चपला काढायच्या आधी. आणि नुसतं विचारून थांबतील ते आपले लोक कसले! कॉटजवळ खुर्ची ओढायची, वाकून चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर धरायचा, 'नीट बघा. सांगा बघू कोण?' मागून दुसरं कुणीतरी, 'ओळखतील, ओळखतील, त्यांची मेमरी काय साधी आहे का!' मग आई हळूहळू त्या चेहऱ्यावर डोळे फिरवायची, ओठ हलायचे, आणि सगळी खोली श्वास धरून निकालाची वाट बघायची. बरोबर आलं तर टाळ्या. चुकलं तर, 'असू दे, असू दे,' आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी, 'खूपच गेली गं मेमरी.' भिंती पातळ आहेत आमच्या.

माझा मोठा भाऊ ठाण्याला वर्तकनगरमध्ये राहतो. प्रकाशदादा. तो दर रविवारी यायचा. जीव तुटायचा बिचाऱ्याचा, मला दिसायचं. पण दादाची माया म्हणजे कार्यक्रम. 'आई, मी कोण? सांग. क्लू देतो. प... प्र... प्रका...'

'प्रकाश,' आई म्हणायची.

'करेक्ट! आणि मी कुठे राहतो? ठा... ठाण्यात कुठे? व... वर्त...'

त्याला मी हसावं तर माझं वेगळं काय होतं? सकाळी वेणीफणी करताना माझा तास. आज वार कोणता? महिना कोणता? मी कोण? माझ्या मुलीचं नाव काय? आलं की मी म्हणायचे, 'शाब्बास.' सव्वीस वर्षं शाळेत काढल्यावर जिभेला लागलेलं ते, आपोआप येतं. आईला 'शाब्बास' म्हटलं की ती माझ्याकडे बघून हसायची. मागच्या बाकावरच्या मुली हसतात तसं. वेळ निभावून नेणारं.

आणि मग ती एकेक गोष्ट आत घ्यायला लागली.

आधी गॅलरी सुटली. संध्याकाळी तिथे बसून रस्ता बघायचा तिचा नेम होता, तो गेला. मग पाहुणे आले की ती हॉलमध्ये येईनाशी झाली. मग हात. आई बोलताना हात फार करायची. त्या दिवसांत पाहिलं तर दोन्ही हात पदराखाली. औषधाची गोळी द्यायला मी तळवा पुढे करी, तर ती मान पुढे करायची, हात नाही. मग आवाज गेला. म्हणजे घशातून गेला नव्हता, झोपेत ती कधी कधी काहीतरी पुटपुटायची, पण आम्ही समोर असलो की ओठ मिटलेले. पाय पोटाशी घेऊन, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. शेवटी डोळे. कुणी 'ओळखलं का' म्हणून वाकलं की ती डोळे मिटून घ्यायची आणि ते माणूस खोलीतून जाईपर्यंत उघडायची नाही. झोप नव्हती ती. पापण्यांच्या आत बुबुळं हलताना दिसायची.

सगळ्यात अंगावर काटा यायचा तो जेवताना. तोंडाशी चमचा नेला की ती डोळे गच्च मिटायची आणि मग गिळायची. बेडूक असंच करतो. घास घशाखाली जावा म्हणून तो डोळे खाली ओढतो, डोळ्यांच्या गोळ्यांनी घास आत ढकलतो. मुलांना हे सांगितलं की मुली 'ईऽऽ' करतात. मी आईला पेज भरवत असायचे आणि डोक्यात हे. स्वतःचाच राग यायचा, पण नजर हलायची नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेमागे एक बोका झोपलेला असतो. त्याचा पंजा मी एकदा हातात घेतला होता, मऊ गादी नुसती. मांजर नखं आत ओढून घेतं असं आपण म्हणतो, पण ते उलट आहे. स्वस्थ असताना नखं आतच असतात. बाहेर काढायला जोर लागतो. स्नायू ताणावे लागतात, तेव्हा कुठे ती येतात. म्हणजे बाहेर असणं हेच कष्टाचं. आईने नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत ते कष्ट केले, सगळ्यांची नावं, मुंजी, बाळंतपणं बाहेर काढून दाखवली. आता दमली असेल का? मला हा विचार पटायचाही आणि त्याची भीतीही वाटायची. कारण मग तिला ओढून बाहेर आणणारी मी कोण?

त्यात मुक्ताने एक दिवस मला आईच्या खोलीत बोलावलं. सकाळची वेळ होती.

'मम्मा, इकडे ये. शू, हळू. हे बघ.'

गॅलरीच्या दारापासून लादीवर एक चकचकीत रेघ होती. बोटभर रुंद, वाळलेली, तिरप्या उजेडात चांदीसारखी. ती खोलीच्या मधोमध येऊन थबकली होती, तिथे एक वळसा होता, आणि मग सरळ आईच्या कॉटखाली.

'आत आलीय ती. सीरियसली, रात्रभर इथे होती.'

'मग गेली असेल.'

'कशी गेली? परत जायची रेघ कुठेय?'

आम्ही दोघी लादीवर पालथ्या पडून टॉर्च मारून बघितलं. ट्रंक ओढली, चपला काढल्या. काही नाही. वर आई भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून. मी फिनाइलने लादी पुसली. दुसऱ्या दिवशी रेघ नव्हती. तरी त्यानंतर मी तिच्या कॉटजवळ अनवाणी जाईनाशी झाले.

सोसायटीने तोवर मोहीम काढली होती. आपल्याकडे मोहिमेशिवाय कशाचं काही होत नाही. पार्किंगमध्ये निळा ड्रम, त्यात मिठाचं पाणी, आणि प्रत्येक मजल्याने आपापल्या गोगलगायी गोळा करून आणून टाकायच्या. रविवारी सकाळी लोक उत्साहाने हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून उतरले. मी एकदाच त्या ड्रमात डोकावले. पाण्यावर फेस होता आणि फेसातून मधूनमधून एखादं शिंग वर यायचं, टोकावर तो ठिपका, आणि आत जायचं. 'बघता काय मॅडम, टाका ना तुमच्या,' सेक्रेटरी म्हणाले. माझ्या बादलीत चार-सहा होत्या. मी त्या मागच्या पडीक प्लॉटमध्ये नेऊन सोडल्या. शेजाऱ्यांच्या भेंडीची वाट लावली असेल त्यांनी, लावू दे.

आश्विन लागला आणि पावसाने एकदाचं तोंड काळं केलं. ऊन असं पडलं की डोळे उघडवेनात. तेव्हा ती हरवलेली गोगलगाय सापडली, आईच्या खोलीतल्या कपाटामागे, भिंतीला चिकटलेली. मी तिला सोडवून हातात घेतलं. शंखाच्या तोंडावर पांढरा, कागदासारखा पापुद्रा होता. कोरडं पडलं की त्या स्वतःच्या लाळेचा असा पडदा करून तोंड बंद करतात आणि पुढच्या पावसापर्यंत आत राहतात. मी नखाने टिचकी मारली. पोकळ आवाज आला. आत जिवंत आहे की नाही हे बाहेरून कळायला मार्ग नसतो. मी वळून आईकडे बघितलं, आणि शंख हातातून पडता पडता राहिला.

कारण त्याच आठवड्यात आईने पेजही बंद केली होती. ओठ मिटलेले. चमचा लागला की मान भिंतीकडे. डॉक्टर घरी येऊन बघून गेले, म्हणाले, गिळायला अडचण काही नाही, त्या घेत नाहीयेत. आणखी थोडे दिवस बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. दादा ते ऐकून गॅलरीत जाऊन उभा राहिला. वर्तकनगरहून निघताना त्याने तिच्यासाठी नारळाच्या वड्या आणल्या होत्या, पिशवी अजून मनगटाला अडकवलेली.

'वंदू, ती आपल्याला ओळखतच नाही का गं आता? एकदा, फक्त एकदा प्रकाश म्हणाली ना...'

'विचारू नकोस दादा आता.'

'न विचारून कसं चालेल? तुटेल ना सगळं.' तो रडत होता, साठीचा माणूस.

अशी नळी हाताने उपटून काढणारी माणसं मी बघितली आहेत. हात बांधून ठेवतात मग. आईचे हात कॉटच्या दांड्याला बांधलेले मला दिसत होते, डोळे उघडे असताना दिसत होते. ती स्वतःहून बाहेर आली नाही तर हेच होणार होतं, आणि दिवस फार नव्हते.

मी शाळेत असते तेव्हा आईजवळ कामाला येणाऱ्या शोभाताई असायच्या. दुसऱ्या दिवशी मी आल्यावर त्या निघता निघता दारात थांबल्या.

'ताई, एक सांगू का? घाबरू नका. आजी बोलतात ओ दुपारच्या.'

'बोलतात? तुमच्याशी?'

'माझ्याशी कुठं! मी आत गेली की गप. मी भांडी घासत असती ना, तेव्हा. कुणाशी ते नाय कळत. हसतात पण.' त्यांनी पदर खांद्यावर घट्ट ओढला. 'मला जरा कसं तरीच होतं.'

सहामाही परीक्षा सुरू होती, पेपर संपले की आम्ही दुपारीच सुटायचो. त्या दिवशी मी कुलूप आवाज न करता उघडलं. शोभाताईंना खुणेनेच गप्प केलं. बांगड्या काढून फ्रिजवर ठेवल्या आणि आईच्या खोलीच्या दाराला जी फट होती तिच्याशी जाऊन उभी राहिले. शंखात गेलेल्या गोगलगायीसमोर मुलं बसतात ना, आता येईल बाहेर, हलू नको, तशी.

आई उताणी झोपली होती. डोळे उघडे. लख्ख उघडे. एक हात पांघरुणाबाहेर, आणि त्या हाताने ती कॉटच्या कडेची चादर साफ करत होती, सुरकुत्या काढत होती. मग तिने अंग थोडं भिंतीकडे सरकवलं. कडेला एक माणूस बसेल एवढी जागा झाली. तिने त्या जागेवर थोपटलं.

'बस ना, अक्का. किती वेळ उभी राहशील?'

तिची नजर रिकाम्या हवेत, बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर होती. मी श्वास घेतला असेन जरा जोरात. हात पांघरुणात गेला. डोळे मिटले. तोंड भिंतीकडे. सगळं इतकं भरभर आणि इतकं बिनआवाज झालं की क्षणभर मलाच शंका आली, आपण बघितलं ते खरं का.

दादाला फोन केला. 'अक्का कोण रे?'

'कुठली अक्का?'

'आईला बहीण होती ना, मोठी?'

'ती गेली. आपल्या जन्माच्या खूप आधी. आईचं लग्नही झालं नव्हतं. बाबा एकदा म्हणालेले, विहिरीवर काहीतरी झालं. आईसमोर विषय काढू नका म्हणालेले. का गं?'

'काही नाही.'

जगातल्या सगळ्यांची नाती सांगणाऱ्या माझ्या आईने स्वतःच्या सख्ख्या बहिणीचं नाव आमच्यापुढे कधी घेतलं नव्हतं. ना फोटो, ना गोष्ट, ना तिच्या आवडीचा एखादा पदार्थ. आणि आता तीच तेवढी उरली होती. आम्ही इतके चेहरे तिच्यासमोर वाकवले, नावांची अक्षरं तोडून तोडून दिली, आणि ती जाऊन बसली होती अशा माणसाजवळ, जे तिला काही विचारत नव्हतं.

रविवारी दुपारी मन लागेना म्हणून मी रिक्षा करून खाडीवर गेले. ओहोटी होती. नुसता चिखल पसरलेला, त्याच्यावर ऊन. आधी वाटलं काहीच नाही. मग चिखलालाच डोळे दिसले. निवट्या. चिखलात राहणारा तो मासा, डोक्यावर दोन फुगीर डोळे. एकेक डोळा आत जायचा, खोबणीत, आणि ओला होऊन वर यायचा. भीतीने नव्हे. हवेत डोळे सुकतात म्हणून तो ते आत घेऊन भिजवतो. आत घेतले नाहीत तर त्याला दिसणारच नाही. काठावर टोपली घेऊन बसलेली बाई म्हणाली, 'घे गो बाय, जित्त्या हायीत.' मी घेतल्या नाहीत. पण तिथे उभं राहून मला एवढं समजलं की आईने डोळे मिटले ते आमच्यापासून पळायला, हे आम्हीच ठरवून टाकलं होतं. ती आत काय करत होती, हे कुणी बघितलं नव्हतं.

सोमवारी शोभाताईंना मी लवकर घरी पाठवलं. मुक्ता कॉलेजात. मऊभात केला, त्यावर तूप सोडलं, बांगड्या पुन्हा काढून फ्रिजवर ठेवल्या. खोलीचा दिवा लावला नाही, पडदाही सरकवला नाही. आई उताणी होती, कडेची जागा रिकामी. मी आत गेले आणि काही न बोलता, तिच्या चेहऱ्याकडे न बघता, त्या जागेवर बसले.

चादर ऊबदार होती. आई तर पलीकडे होती, भिंतीशी. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

डोळे मिटलेच होते तिने. मी बसून राहिले. खिडकीबाहेर कुणाचं तरी पाणी टपकत होतं. बोलायची, विचारायची इतकी सवय की जीभ टाळूला दाबून धरावी लागली. बऱ्याच वेळाने पांघरुणाची कड हलली. बोटं आली. मग तळवा. तो चाचपत माझ्या मनगटावर आला, दंडावर गेला, आणि माझ्या वेणीपाशी थांबला.

'आलीस?'

'आई' हा शब्द ओठांवर आला होता. तो मी गिळला. नुसतं म्हटलं, 'हं.'

तिने वेणीचं टोक बोटांत घेतलं आणि पिळल्यासारखं केलं. 'अजून ओलेच आहेत गं केस तुझे.'

मी सकाळी न्हाले नव्हते. बाहेर आश्विनाचं ऊन होतं. मी हात मागे नेऊन वेणी बघितली नाही. बघावंसं वाटलं नाही.

'पुसले होते,' मी म्हणाले.

'नीट नाही पुसलेस.' आणि आईने डोळे उघडले. महिन्याभरानंतर मी तिचे डोळे जवळून बघत होते. स्वच्छ, पाणीदार, आणि त्यांत मी कुठे नव्हते. तिला जी कुणी दिसत होती तिच्याकडे बघून ती हसली. निभावून नेणारं हसू नव्हतं ते. असं ती माझ्याकडे बघून कधी हसली होती, मला आठवेना.

'अक्का, तो फणस आठवतो? मागच्या पडवीतला? मी लपवलेला तो?'

मला काय आठवणार? आता माझ्यासमोर प्रश्न होता, उत्तर येत नव्हतं, आणि ती वाट बघत होती.

'आठवतो,' मी म्हणाले. खोटंच. त्याने तिचं समाधान झालं.

ती बोलत राहिली. फणसाचं, कुठल्याशा काळ्या गायीचं, गायीच्या वासराचं. मी ताट जवळ ओढलं आणि भाताचा घास केला. न विचारता तिच्या ओठांशी धरला. तिने तोंड उघडलं. घास घेतला, चावला, गिळला. डोळे उघडे ठेवून. मी दुसरा घास केला, तिसरा. ताटातलं तूप माझ्या बोटांवरून मनगटापर्यंत आलं होतं, पुसायला मी हात थांबवला नाही. नळी नको आता. हात बांधायला नकोत. मी घास करत राहिले.

अर्धाअधिक भात संपल्यावर ती थांबली. दाराकडे बघितलं. आवाज एकदम उतरला.

'अक्का, ती गेली का?'

'कोण?'

'ती बाई. रोज येते, सकाळची. वेणी घालते. मग सगळं विचारते.' तिने माझं मनगट पकडलं, जोर होता बोटांत. 'मला नाही गं येत. पाठ केलं तरी नाही येत. आणि नाही आलं की बघते कशी माझ्याकडे. एकदा नापास झाले की इथून काढतील मला. मग तू मला कुठे शोधशील?'

दार अर्धवट उघडं होतं. बाहेर हॉलमध्ये माझी पर्स, माझ्या चपला, फ्रिजवर माझ्या बांगड्या.

'सांग ना. आहे का बाहेर?'

'नाही,' मी म्हणाले. 'गेली ती.'

'परत यायची नाही ना?'

'नाही यायची.'

आईने मोठा श्वास सोडला. मग पांघरूण हललं आणि त्यातून तिचे पाय बाहेर आले, कित्येक दिवस पोटाशी धरलेले, पांढरे पडलेले दोन्ही पाय, आणि माझ्या मांडीवर येऊन निवांत पसरले.

'चेप ना गं,' ती म्हणाली.

मी चेपायला लागले. तेवढ्यात बाहेर कुलूप वाजलं, बॅग पडल्याचा आवाज आला, आणि मुक्ताने हाक मारली, 'मम्मा? मम्मा, कुठेयस?' माझ्या हातातले पाय आखडले. मी ओ दिली नाही.